जुव्याचा किल्ला आणि चिटणिसांचे वळण

मांडवीच्या खाडीतील जुवे बेट सात शिरांच्या भेंडीसाठी गोमंतकात प्रसिद्ध आहे. आम्ही मात्र तेथील जुन्या किल्ल्यावर गेलो, ते एका लेखणीबहाद्दर घराण्याच्या स्मरणार्थ. १६८३ च्या नोव्हेंबरात मराठ्यांनी हा किल्ला घेतला. तो परत घेण्यास आलेल्या पोर्तुगीज विजरईला माघार घ्यावी लागली. पाठलागात संभाजीराजांचा घोडा भरतीच्या पाण्यात वाहू लागला, तेव्हा खंडो बल्लाळांनी उडी घालून राजांना वाचविले, असे परंपरा सांगते.

खंडो बल्लाळांचे वडील बाळाजी आवजी हे शिवछत्रपतींचे चिटणीस. राजांच्या मनातला आशय राजांच्याच डौलाने कागदावर उतरविणे, हे त्यांचे काम. न लिहिलेले पत्र त्यांनी कोऱ्या कागदावरून अस्खलित वाचून दाखविले, ही आख्यायिका सर्वश्रुतच आहे. १६८१ मध्ये याच संभाजीराजांनी त्यांना कटाच्या संशयावरून देहान्त शासन केले. तरी पुत्राने चिटणिशी सोडली नाही. पुढे नातू गोविंदरावही थोरल्या शाहूमहाराजांचे विश्वासू चिटणीस झाले.

आजोबांचा सहवास या नातवाला लाभला असण्याचा संभव थोडाच. लाभले ते घरातले वळण: अक्षर आपले, पण शब्द धन्याचा, आणि घरावर ओढवलेल्या दुःखाची शाई त्या शब्दात मिसळू द्यायची नाही. वाचकहो, जुव्यास जाल तेव्हा नातवंडांना बरोबर न्या आणि किल्ल्यावर बसून त्यांना ही तीन पिढ्यांची कथा अवश्य सांगा.