साठी आणि काठी

म्हातारपणीं हातांत काठी आली म्हणजे तिचें कोणास नवल वाटत नाहीं. माझ्याही हातांत दोन वर्षांपूर्वीं काठी आली. परंतु ती दोन तुकड्यांची, मधोमध आट्यांनीं जोडावयाची आणि पिशवींत घालून न्यावयाची असल्यामुळें आमच्या गांवांत तिचें नवल झालें. आमचें गांव हिवरा आश्रम. शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमामुळें तें बुलढाणा जिल्ह्यांत व बाहेरही सर्वांस ठाऊक आहे. अशा गांवीं एक निवृत्त संस्कृत-शिक्षक आठवड्यांतून दोनदां खांद्यास लांबट पिशवी अडकवून तालुक्याच्या मोटारीची वाट पाहत उभा राहिला, तर लोकांनीं काय समजावें? कोणी म्हणे, मास्तर बांसरी शिकूं लागले. एका जुन्या विद्यार्थ्यानें तर पिशवींत छत्री आहे असें समजून, "गुरुजी, आभाळ स्वच्छ आहे," असें मोठ्या आस्थेनें सांगितलें. खरें उत्तर मीं पुष्कळ दिवस कोणास दिलें नाहीं. त्या पिशवींत पूल नांवाच्या खेळाची काठी होती.

ज्यांच्या घरीं कॅरम आहे त्यांस हा खेळ समजावून सांगणें अवघड नाहीं. कॅरमच्या बोर्डाऐवजीं येथें मोठें टेबल असतें; पूर्ण मापाचें असल्यास तें सुमारें ९ फूट लांब व ४॥ फूट रुंद. त्याच्या पोटांत पाटीचा दगड आणि वर ताणून बसविलेलें कापड. भोकें चारांऐवजीं सहा. सोंगट्यांच्या जागीं आंकडे घातलेले १५ चेंडू आणि स्ट्रायकरच्या जागीं एक पांढरा चेंडू. एकानें १ ते ७ आंकड्यांचे चेंडू भोकांत घालवावयाचे, दुसऱ्यानें ९ ते १५ चे; आणि ज्याचे आधीं संपतील त्यानें शेवटीं ८ आंकड्याचा काळा घालवावयाचा. पांढऱ्या चेंडूस बोटानें नव्हे, तर काठीच्या टोकानें मारतात. डाव्या हाताचीं बोटें कापडावर रोवून त्यांची कमान करावयाची आणि त्या कमानीवरून उजव्या हातानें काठी सरकवावयाची. वाचकांनीं ही डाव्या हाताची कमान ध्यानांत ठेवावी. पुढील सारी हकीकत तिच्यावरच उभी आहे.

हा खेळ मला सर्वस्वीं नवा नव्हता. १९७४ सालीं मॅट्रिक झाल्यावर संस्कृताच्या अध्ययनासाठीं दोन वर्षें मी पुण्यास मामांकडे राहिलों होतों. सकाळीं लघुकौमुदी व अमरकोश आणि संध्याकाळीं मामांच्या क्लबांतील बिलियर्ड्सचें टेबल, असा माझा दुहेरी अभ्यास चाले. पूल, बिलियर्ड्स व स्नूकर हीं एकाच कुळांतलीं भावंडें. त्यांतील स्नूकर तर १८७५ सालीं आपल्या जबलपुरास इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांत जन्मला असें मानतात. पुण्यांत या खेळास वेगळाच मान होता. १९२२ सालीं पुण्यास जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनीं १९५८ सालीं कलकत्त्यास हौशी खेळाडूंचें जागतिक बिलियर्ड्स अजिंक्यपद मिळविलें आणि १९६४ सालीं न्यूझीलंडमध्यें तें पुन्हां जिंकलें. माझा जन्म १९५८ चाच. त्यामुळें त्या पराक्रमाशीं आपला कांहींतरी ऋणानुबंध आहे असें त्या वयांत मला वाटे. स्वतःची काठी घ्यावी अशी फार इच्छा होती. परंतु मामा म्हणाले, "आधीं हात, मग हत्यार. हात तयार होईपर्यंत क्लबाच्या काठ्या पुरेशा आहेत." हात पुरता तयार होण्यापूर्वींच मी परत आलों, शिक्षक झालों, आणि काठीच्या जागीं हातांत खडू आला तो निवृत्तीपर्यंत राहिला.

दोन वर्षांपूर्वीं मला अर्धांगाचा सौम्य झटका आला. वाचा वांचली, उजवा हात वांचला. डाव्या हाताचीं बोटें मात्र माझ्या आज्ञेंत राहिनात. देवपूजेच्या वेळीं डाव्या हातांत तबक धरलें कीं निरांजन हेलकावे घेई. शेवटीं दादांनीं, म्हणजे माझ्या वडील बंधूंनीं, न बोलतां तें तबक माझ्या हातून काढून घेतलें. तें त्यांनीं मायेनेंच केलें. पण त्या दिवशीं मला जेवण गेलें नाहीं. डॉक्टर म्हणाले, "बोटांस काम द्या." मीं रबरी चेंडू दाबले, गहूं निवडले, मणी ओंवले, परंतु ज्या कामांत मन रमत नाहीं तें काम बोटेंही मनापासून करीत नाहींत.

दादांचा नातू तालुक्याच्या गांवीं महाविद्यालयांत शिकतो. तेथें एका माडीवर पूलचीं दोन टेबलें मांडलेलीं आहेत असें त्याच्या बोलण्यांत आलें, आणि एके दिवशीं मी त्याच्याबरोबर गेलों. कापडावर डावा हात ठेवला. तो थरथरत होता. पण बोटें आपोआप पसरलीं, अंगठा वर आला आणि कमान झाली! जवळजवळ पन्नास वर्षांत मीं जें एकदांही केलें नव्हतें तें त्या बोटांनीं जपून ठेवलें होतें. पहिला चेंडू भलतीकडेच गेला. तरी घरीं परततांना मोटारींत मी त्या हाताकडे पुष्कळ वेळ पाहत होतों.

येथपर्यंत ठीक होतें. पुढें मात्र माझी बुद्धि जरा नाठीच झाली. खेळाकडे परत जावयाचें तर सर्व सामग्री पाहिजे, असें मला वाटूं लागलें. नातवाच्या फोनवरून मीं एकामागून एक वस्तु मागविल्या. खेळावयाची काठी, पहिला फटका मारण्यासाठीं दुसरी जड काठी, पेटी, हातमोजा, पट्ट्यास अडकविण्याची खडूची डबी, काठीचें टोक घासण्याचीं तीन हत्यारें. आठ दिवस घरीं पुडकीं येत होतीं आणि सूनबाई हंसून म्हणत होत्या, "मामंजींचें नवें दप्तर आलें." निवृत्तिवेतनाचा चांगलाच लचका तुटला. दादांनीं तें सर्व पाहिलें आणि एवढेंच विचारलें, "अण्णा, सूर्याच्या रथाचें सुभाषित तूं वर्गांत शिकवीत होतास ना?"

तें सुभाषित मीं तीस वर्षें शिकविलें होतें. सूर्याच्या रथास चाक एकच, लगाम सर्पांचे, सारथि पांगळा. तरी तो रोज आकाश ओलांडून जातो. कारण थोरांचें यश त्यांच्या अंगच्या तेजांत असतें, साहित्यांत नसतें. मी निरुत्तर झालों. पण रात्रीं झोंप येईना तेव्हां मनांत आलें, तें वचन थोरांविषयीं आहे. ज्याचा एक हात कांपतो अशा सामान्य माणसानें काय करावें? सर्व साधनें टाकावीं तर खेळच बंद पडतो. सर्व घ्यावीं तर खेळ राहतो बाजूस आणि दुकान तेवढें मांडलें जातें. दुसऱ्या दिवसापासून मीं एकेक वस्तु पारखावयास घेतली.

पहिली काठी. खेळघरांतल्या काठ्या बहुधा वांकलेल्या असतात, टोकें झिजलेलीं असतात. आणि चूक आपली कीं काठीची हें कळत नाहीं. माझ्या हाताला काय येतें व काय येत नाहीं हें मला नेमकें कळावयास हवें होतें. म्हणून स्वतःची एक काठी ही चैन नव्हे असें मीं ठरविलें. ती सुमारें पावणेपांच फूट लांब असावी आणि वजन पांचशें ते सहाशें ग्रॅमच्या दरम्यान हाताला मानवेल तें. एक डोळा मिटून बंदुकीप्रमाणें तिच्या लांबीवरून नजर टाकावी म्हणजे बांक दिसतो. टोकाचें चामडें रुपयाच्या नाण्याच्या कडेसारखें गोलसर राखावें. त्यासाठीं घासण्याचें एकच हत्यार पुरतें. ती भिंतीस तिरपी टेकून ठेवूं नये व उन्हांत राहूं देऊं नये. बुलढाण्याच्या उन्हाळ्यांत तर हें विशेष संभाळावें लागतें.

दुसरा खडू. यानें मला फार मौज वाटली. जन्म खडूंत गेला आणि म्हातारपणीं पुन्हां खडूच! पण या खडूंत खडू नसतो. १८९७ सालीं विल्यम स्पिंक्स व विल्यम हॉस्किन्स या दोघां अमेरिकनांनीं ज्याचें पेटंट घेतलें तो हा पदार्थ मुख्यतः वाळूच्या जातीच्या व कुरुंदासारख्या कठीण पुडीचा असतो. त्याच्यामुळें चामडें पांढऱ्या चेंडूवरून निसटत नाहीं. नवशिके लोक तो टोकावर गिरमिटासारखा फिरवितात. तसें न करतां हलक्या हातानें पुसल्यासारखा लावावा. दोन तुकडे वर्षभर पुरतात. पट्ट्याची डबी निरुपयोगी.

तिसरा हातमोजा. हा तीन बोटांचा असतो व कमानीच्या हातांत घालतात. दमट हवेंत काठी बोटांवर अडखळते. मोज्यामुळें ती सरळ सरकते. तो येण्यापूर्वीं मीं घरच्या कॅरमची पावडर डब्यांत घालून नेली होती. पहिल्याच डावांत हिरव्या कापडावर माझ्या पंजाचा पांढरा ठसा उमटला, आणि माडीच्या मालकानें, "गुरुजी, हा कॅरम नव्हे," असें नम्रपणें पण स्पष्ट सांगितलें. इतकीं वर्षें मुलांना वह्यांवर शाईचे डाग पाडूं नका म्हणून रागावलों, त्याची परतफेड झाली!

चौथा चष्मा. हा क्रीडासाहित्याच्या कोणत्याही यादींत मला आढळला नाहीं. परंतु माझ्या वयाच्या माणसास तो सर्वांत आधीं हवा. खेळतांना हनुवटी काठीजवळ येते आणि डोळे भिंगाच्या वरच्या कडेंतून पाहतात. तेथें नेमकी चौकट आडवी येते व चेंडू दुभंगतो. १९८५ सालीं स्नूकरच्या जागतिक अजिंक्यपदासाठीं उत्तर आयर्लंडचा डेनिस टेलर हा उलटा घातल्यासारखा दिसणारा मोठा चष्मा लावून खेळला आणि अखेरच्या काळ्या चेंडूवर स्टीव्ह डेव्हिसला १८ विरुद्ध १७ असें हरविता झाला. माझा चष्मा तितका विचित्र नाहीं; मोठ्या भिंगांचा, दूरच्या नंबराचा व नाकावर उंच बसणारा एवढेंच.

पांचवें साधन विकत घ्यावें लागलें नाहीं, पण सर्वांत अधिक त्यानेंच शिकविलें. पांढरा चेंडू दूर असला म्हणजे डाव्या हाताऐवजीं एक दांडा पुढें ठेवतात व त्याच्या टोकावरील खांचेंतून काठी चालवितात. त्यास मी टेकू म्हणतों. प्रारंभीं मी अभिमानानें टेकू घेत नसें. एकदां टेबलावर आडवा होऊन मारावयास गेलों आणि तीन दिवस पाठ धरून अंथरुणावर पडलों. मग टेकू घेऊं लागलों आणि मला एक शोध लागला. टेकू धरला कीं डावा हात कांपत नाहीं. कांपला तरी दिसत नाहीं! हळूहळू मी सगळेच चेंडू टेकूनें मारूं लागलों. डाव जिंकूं लागलों. एके दिवशीं नातू हलकेच म्हणाला, "अण्णाआजोबा, हा चेंडू तर जवळच आहे."

त्यानें आणखी कांहीं म्हटलें नाहीं. पण माझे डोळे उघडले. मी खेळाकडे डाव जिंकण्यासाठीं आलों नव्हतों, हातासाठीं आलों होतों. आणि त्याच हाताला मीं रजा दिली होती. साधनें दोन जातींचीं असतात. एक हाताला काम करूं देतें, दुसरें हाताचें काम काढून घेतें. सरळ काठी, खडू, मोजा व चष्मा हीं पहिल्या जातीचीं. टेकू दूरच्या चेंडूसाठीं पहिल्या जातीचा, जवळच्यासाठीं दुसऱ्या जातीचा. वस्तु तीच; ती कोठें घ्यावयाची हें ज्याचें त्यानें ओळखावें. त्या दिवसापासून जवळचा चेंडू मी थरथरत्या हातानेंच मारूं लागलों, आणि पुष्कळ दिवस हरत राहिलों. जड काठी, मोठी पेटी व राहिलेलीं हत्यारें माडीवरच्या मुलांस देऊन टाकलीं.

या गोष्टीस वर्ष होत आलें. गेल्या एकादशीस दादांचा गुडघा दुखत होता म्हणून पूजा माझ्याकडे आली. आरतीस डाव्या हातांत तबक घेतलें व उजव्या हातानें घंटा वाजवूं लागलों. निरांजनाची ज्योत हलली नाहीं असें मी म्हणणार नाहीं. ती हलली, पण विझली नाहीं व तबकही हेलकावलें नाहीं. दादा पाटावर बसून माझ्या हाताकडे पाहत होते. ते कांहीं बोलले नाहींत.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी पिशवी भरीत असतां ते काठी टेकीत माझ्या खोलींत आले. त्यांच्या हातांत जुन्या धोतराचा, अनेक धुण्यांनीं रेशमासारखा मऊ झालेला तुकडा होता. नीट चौकोनी फाडून त्याच्या कडाही दुमडलेल्या होत्या. "हें असूं दे," ते म्हणाले. "काठी पुसावयाला नवें फडकें कामाचें नाहीं." मीं तो तुकडा खडूशेजारीं ठेवला आणि मोटारीची वेळ झाली म्हणून निघालों. यादीच्या बाहेरचें हें सहावें साधन आतां दर वेळीं माझ्याबरोबर असतें.