घरी ओतलेला पार्ट

आमचा नातू सध्या घरी गाडीचे पार्ट बनवतोय. म्हणजे स्टिकर-बिकर लावणं नव्हे हं, चक्क अ‍ॅल्युमिनियम वितळवून, साच्यात ओतून, इंजिनाला बसवायची वस्तू! डोंबिवलीच्या मंडळींना हे ठाऊकच आहे, कारण भट्टी त्यांच्याच परसात पेटते. इथे माजिवड्यात, सातव्या मजल्यावर, कुकरची एक शिट्टी जास्त झाली तरी शेजारी डोकावतात.

मी आयुष्यभर मराठी शिकवलं. 'एकाच मुशीतून घडलेले' हा वाक्प्रचार किती वेळा फळ्यावर लिहिला असेल! पण खरी मूस पाहिली ती वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, दिरांच्या परसात, खुर्ची टाकून.

गाडी म्हणजे आमची जुनी मारुती ८००. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं, पण आमची अजून चालते. नातवाला तिच्यासाठी इनटेक मॅनिफोल्ड करायचा होता. सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्या, असं मी माझ्यापुरतं समजून घेतलं. नळ्या लांब असल्या तर कमी वेगात ओढ चांगली, आखूड असल्या तर जास्त वेगात, असं तो सांगतो. गाडी पळवायची कुठे, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये? असं मी विचारलं. त्यावर तो नुसता हसला.

तर ओतकाम. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. मला वाटलं होतं, कोल्ड्रिंकचे डबे टाकतील. पण ते पत्र्यासारखे पातळ, त्यांची निम्मी मळीच होते. ह्याने गॅरेजमधून फुटके पिस्टन आणले. त्यात सिलिकॉन मिसळलेलं असतं, त्यामुळे धातू साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात नीट वाहतो. नमुना लाकडाचा, आणि तो मूळ मापापेक्षा किंचित मोठा करायचा, कारण थंड होताना धातू मीटरमागे साधारण तेरा मिलिमीटर आकसतो. नमुन्याच्या बाजू जराशा तिरक्या ठेवायच्या, नाहीतर उचलताना वाळू ढासळते. मोदकाचा साचा हाताळलेल्या बाईला हे काही वेगळं सांगायला नको.

भीती वाटली ती पाण्याची, विस्तवाची नाही. साच्याच्या वाळूला नुसती ओल हवी, मूठ वळली तर टिकेल एवढीच. वाळू जास्त भिजली, किंवा मुशीत ओला तुकडा पडला, की पाण्याची क्षणात वाफ होते आणि तापलेला धातू अंगावर उडतो. काँक्रीटवर सांडला तरी तेच, आतल्या ओलीने काँक्रीटच्या कपच्या उडतात. म्हणून खाली कोरड्या वाळूचा थर, पायात चामडी बूट, तोंडावर जाळी. मोठ्या जाऊबाई देवाचं नाव घेत खिडकीतून पाहत होत्या.

पहिले दोन ओत फुकट गेले. तिसरा चांगला निघाला. मग त्याची बसणारी बाजू सपाट करायची, कारण तिथे केसाएवढी फट राहिली तरी जादा हवा आत जाते आणि इंजिन अडखळतं. इथे ह्यांची आठवण आली. हे वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत टूलरूममध्ये होते. सपाट प्लेटला निळा रंग लावून त्यावर पार्ट फिरवायचा, जिथे रंग लागेल तो उंचवटा, तेवढाच घासायचा. पुन्हा रंग, पुन्हा घासणं. नातवाने ह्यांच्याच कानशीने आठ दिवस हे केलं.

एवढ्यावर थांबला असता तर मी हे लिहायलाही बसले नसते. पण यश आलं की माणसाचा हात खाजतो. एके दिवशी म्हणाला, "आजी, आता ब्रेकची मोठी डिस्क बसवतो, कॅलिपरचा ब्रॅकेट घरीच ओततो."

ह्यांचा एक ठरलेला प्रश्न असे. कोणताही पार्ट हातात घेतला की आधी विचारायचं, हा तुटला तर काय होईल? मी तोच नातवाला विचारला. मॅनिफोल्ड तडकला तर गाडी खोकेल आणि बंद पडेल. ब्रॅकेट तुटला तर? गायमुखच्या उतारावर, पुढे शाळेची बस असताना? घरच्या ओतात आत बुडबुडे राहतात, ते बाहेरून दिसत नाहीत. तू कितीही गुळगुळीत घास.

तो चिडला. म्हणाला, "त्या सांगलीच्या लोहारांनी तर अख्खी गाडी बनवली."

खरं आहे. देवराष्ट्रे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेसाठी भंगारातून छोटी जीप उभी केली, किक मारून सुरू होणारी, साधारण साठ हजारांत. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं. पण त्याच दमात म्हणाले की ही कुठल्याच नियमात बसत नाही, आज ना उद्या हिला रस्त्यावर अडवतील. आणि बदल्यात बोलेरो देऊ केली, जानेवारी २०२२ मध्ये दिलीही. माझ्या मते हे फार नीट झालं. हाताला दाद मिळाली आणि पोराला घेऊन फिरायला भरवशाची गाडीही.

कायद्याचंही मी त्याला ऐकवलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदल केला तर मालकाला बदलागणिक पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मालक म्हणजे अजून कागदोपत्री मी! ह्यावर मात्र तो जरा वरमला.

शेवटी असं ठरलं की मॅनिफोल्ड फक्त स्पर्धेच्या मैदानावर लावायचा, घरी येताना मूळचा परत बसवायचा. चार नट तर आहेत. ब्रेकला हात नाही. दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही, तिसऱ्या दिवशी ह्यांचा व्हर्निअर मागायला आला. तो मी दिला.

सध्या गॅलरीत तुळशीच्या कुंडीशेजारी फुटक्या पिस्टनची गोणी आहे. झाडूपोछा करणाऱ्या ताई रोज विचारतात, भंगारवाल्याला कधी द्यायची?