भय घडवणारे हात

बारामती

चि. भाच्यास,


भयपटात नाव काढायचं तर नट व्हावं की कलादिग्दर्शन शिकावं, असं तू इंदापूरहून विचारलंस. माझं मत स्पष्ट आहे: या सिनेमात ही दोन कामं वेगळी काढताच येत नाहीत. ‘झपाटलेला’ (१९९३) बघ. दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू माणूस म्हणून पडद्यावर थोडाच वेळ आहे. मरता मरता तो मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरतो आणि पुढचा चित्रपट रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यावर उभा राहतो. ‘चौकट राजा’तला नंदू किंवा ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजी प्रभावळकरांनी स्वतःच्या देहाने पेलले, तात्या मात्र त्यांना दुसऱ्याच्या हाती सोपवावा लागला. तरीही पात्र बदलल्यासारखं वाटत नाही, कारण नटाने आधी रुजवलेला दुष्टपणा पाध्यांनी बाहुल्यात जिवंत ठेवला. त्यामागे वडील यशवंत पाध्ये यांच्या अर्धवटराव या बाहुल्यापासून चालत आलेली बोलक्या बाहुल्यांची विद्या होती. २०१३ साली ‘झपाटलेला २’ आला तेव्हाही लोक त्या बाहुल्यालाच भेटायला गेले.

तू म्हणशील, कल्पना तर ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकी चित्रपटाची, शिवाय हा विनोदी सिनेमा. कल्पना उसनी आहे, हे मान्य. पण लक्ष्मीकांत बेर्डे यांनी साकारलेल्या लक्ष्याच्या घाबरण्यावर आपण हसतो ते बाहुला खरा वाटतो म्हणून. बाहुला जिवंत आहे हे लक्ष्याचं म्हणणं कुणालाच पटत नाही आणि आपल्याला मात्र पटलेलं असतं, यातच ती गंमत आहे. बाहुला कच्चा निघाला असता, तर भीतीबरोबर हसूही गेलं असतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: घडवण्याला पैसा लागतो, अभिनयाला लागत नाही. पण ‘द टेक्सस चेनसॉ मॅसेकर’ (१९७४) अगदी तुटपुंज्या पैशात झाला. कलादिग्दर्शक रॉबर्ट बर्न्स यांनी जनावरांची हाडं वापरून त्यातलं घर असं सजवलं, की खुनी दिसण्याआधीच प्रेक्षक हादरतो. पुढे याच बर्न्स यांनी ‘कन्फेशन्स ऑफ अ सीरियल किलर’मध्ये स्वतः खुन्याची भूमिका केली. आपल्या जिल्ह्यातला दाखला ‘तुंबाड’ या चित्रपटाचा. सासवडच्या पुरंदरे वाड्यात त्याचं चित्रीकरण झालं. २०१२ साली सुरू झालेलं काम २०१८ मध्ये पडद्यावर आलं. त्याला फिल्मफेअरचे तीन पुरस्कार मिळाले ते कलादिग्दर्शन, छायाचित्रण आणि ध्वनी यांसाठी. अभिनयासाठी एकही नाही. पण म्हणून अभिनय दुय्यम ठरत नाही. त्यातला मुलगा पांडुरंग आणि ती भयंकर म्हातारी, दोन्ही भूमिका मोहम्मद समद यानेच केल्या. रंगभूषेच्या थराखालूनही म्हातारीची भूक आपल्यापर्यंत पोचते, ती त्या पोराच्या देहबोलीमुळे. रंगभूषाकाराने रूप दिलं, जीव नटानेच ओतला.

तेव्हा निवड करत बसू नकोस. उजनी धरणाचं पाणी उतरलं की उघडं पडणारं पळसदेवचं देऊळ तुझ्याच तालुक्यात आहे. तिथे भयपट करायचा तर काय दाखवायचं आणि काय झाकायचं, याचा विचार कर. लाकूड, कापड, माती हाताळायला शीख, आणि जे घडवशील त्याच्यासमोर स्वतः उभा राहून अभिनय कर. आपल्या वस्तूला प्रेक्षक कुठे भितो आणि कुठे भीत नाही, हे ज्या नटाला कळतं, त्याला भूमिका लहान मिळाली तरी लोक विसरत नाहीत.

तुझा,
मामा