माळ आणि पडीक

सोलापुराहून बार्शीच्या रस्त्याने सुमारे वीस किलोमीटर गेले की नान्नज लागते. गावाच्या आसमंतात गवताचे माळ आहेत. त्यांत मधूनच एखादी बोर, एखादा हिवर, कुठे बाभूळ. लोकांच्या बोलीत ही जमीन ‘माळ’ असते. सरकारी दप्तरात अशाच जमिनीचा समावेश ‘पडीक’ या सदराखाली होत आला. ‘माळ’ हा शब्द जमिनीचे रूप सांगतो, तर ‘पडीक’ हा शब्द तिच्याविषयीचा निवाडा सांगतो. एकाच भूमीच्या या दोन नावांतील अंतर वरवर पाहता भाषिक आहे. परंतु त्याचे परिणाम भाषेपुरते मर्यादित राहिलेले नाहीत.

जी जमीन शेतसारा देत नाही ती ओसाड, ही दृष्टी ब्रिटिश महसूलव्यवस्थेने रुजवली. स्वातंत्र्यानंतरही ती पुसली गेली नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या भारताच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही झुडपी माळ आणि चराऊ राने यांना जागा मिळाली ती पडीक जमिनींतच. पडीक म्हटले की सुधारणा करणे ओघाने आले. मग माळावर कुठे ग्लिरिसिडिया लावला गेला, कुठे उजनीच्या पाण्यावर ऊस उभा राहिला. १९७९ साली माळढोकासाठी घोषित झालेले अभयारण्य कागदोपत्री ८,४९६ चौरस किलोमीटरांचे होते. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आले. माळढोक उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालतो आणि दूरवर दिसणाऱ्या मोकळ्या क्षितिजाच्या आधारे स्वतःचे रक्षण करतो. दाट लावलेले झाड त्याला आसरा देत नाही. त्याची दृष्टी अडवते. आज जगातील उरलेले बहुतेक माळढोक राजस्थानात आहेत आणि नान्नजला एखाद्या पक्ष्याचे दर्शन हीच बातमी ठरते.

या साऱ्यामागे एक ऐतिहासिक गृहीतक आहे. हे माळ मुळात अरण्य होते. कुऱ्हाडीने आणि गुराढोरांनी त्याचा नाश केला. तेव्हा झाडे लावणे म्हणजे मूळ स्थितीची पुनःस्थापना होय, असे ते गृहीतक. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ साली ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने त्याला धक्का दिला. त्यांची साधने विशेष आहेत : तेराव्या ते विसाव्या शतकांतील मराठी संतचरित्रे, आख्यायिका आणि लोकगीते. पश्चिम महाराष्ट्राविषयीच्या या मजकुरात आढळलेल्या ४४ रानवनस्पतींपैकी २७ माळरानांच्या निदर्शक आहेत. निखळ अरण्याच्या निदर्शक केवळ ३. निदान साडेसातशे वर्षे तरी हा प्रदेश प्रामुख्याने गवताळ, विरळ झाडांचा होता, असा निष्कर्ष त्यांनी काढला आहे.

मराठीच्या अभ्यासकाला या निष्कर्षाइतकीच साधनांची निवड विचारात पाडणारी आहे. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेची कथा पदव्युत्तर वर्गात दरवर्षी शिकवली जाते. महीपतीच्या ‘भक्तविजया’तून ती महाराष्ट्रभर पसरली. पंढरपूरच्या मंदिरात तिचा देह ठेवला त्या ठिकाणी तरटीचे झाड उगवले, असे परंपरा सांगते. वर्गात चर्चा होते ती स्त्रीच्या शरणागतीची, बिदरच्या बादशहाच्या सत्तेची, भक्तीतील समतेची. ‘तरटीच का?’ हा प्रश्न विचारला जात नाही. तरटी हे दख्खनच्या कोरड्या, उघड्या रानात वाढणारे काटेरी झाड. लोकमानसाने संतस्त्रीच्या समाधीवर चंदन वा अशोक उगवला नाही. ज्या भूमीत ती वाढली त्या भूमीचेच झाड तिला दिले. श्रद्धेच्या दृष्टीने तो चमत्कार आहे. परिसराच्या दृष्टीने ती साक्ष आहे.

अर्थात साहित्यातील प्रत्येक झाड साक्षीदार मानता येणार नाही. आख्यानकाव्यातील वनवर्णनांत वृक्षांच्या याद्या येतात, त्या पुष्कळदा संस्कृत महाकाव्यांच्या संकेतांतून आलेल्या असतात. कवीने ते झाड पाहिलेच असेल असे नाही. संकेत कोणता आणि अवलोकन कोणते, हा भेद करणे वनस्पतिशास्त्राच्या आवाक्यातले नाही. त्यासाठी काव्यपरंपरेचे, पाठभेदांचे, प्रक्षिप्ताचे ज्ञान लागते. म्हणजे या संशोधनात साहित्याच्या अभ्यासकाचे काम केवळ उतारे पुरवण्याचे नाही. उताऱ्यांची उलटतपासणी करण्याचे आहे.

या दिशेची पायवाट मराठीत नवी नाही. गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या ओव्यांतून बिरोबा, म्हसोबा, खंडोबा यांच्या उपासनेमागचे पशुपालक जीवन उलगडले. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या लोकदैवतात शोधले. त्यांचा शोध दैवताचा होता; परंतु ज्या समाजाचे हे दैवत, तो समाज कळपांच्या चराईवर जगणारा होता, आणि चराईला गवताची भूमी लागते. माळ पडीक असता तर त्याच्यावर एवढी दैवते कशी पोसली गेली असती?

जुन्या काव्यांच्या संपादित आवृत्त्यांतील शब्दार्थसूची पाहिल्या, तर झाडाच्या नावापुढे पुष्कळदा ‘एक वृक्ष’ एवढाच अर्थ दिलेला आढळतो. एके काळी ते पुरेसे होते, कारण वाचकाला झाड ठाऊक होते. आज विद्यार्थ्याला तरवड, पवना, मारवेल ही नावेही परकी वाटतात, आणि ज्यांना ती ठाऊक आहेत ते मेंढपाळ आणि वृद्ध ओवीकार स्त्रिया उत्तरोत्तर कमी होत आहेत. सूचीतला तो अपुरा शब्द पुरा करणे हे मराठीच्या विभागांचे काम आहे. माळढोक वाचवणे त्यांच्या हाती नाही. परंतु ज्या शब्दाने त्याची भूमी निरुपयोगी ठरवली, त्या शब्दाला जुन्या ग्रंथांचा पुरावा देऊन हरकत घेणे त्यांच्या हाती निश्चित आहे.