दोर ओढण्याआधी

घळीत उतरणाऱ्याला परतीची वाट स्वतःच्या हातानं बंद करावी लागते. वरच्या टप्प्यावरून शेवटचा माणूस खाली आला की मी दोराचं एक टोक ओढायला घेते. दुसरं टोक सरसरत वर जातं, अँकरच्या कडीतून निसटतं आणि अख्खा दोर वेटोळी घालत पायाशी कोसळतो. त्यानंतर वर जाणं संपलं. कुणी थकलं, कुणाचा पाय मुरगळला, आभाळ भरून आलं, तरी वाट एकच, खालची. किल्ल्यावर निघालेला माणूस अर्ध्यातून परतला तर फार तर त्याचा दिवस वाया जातो. घळीत ही मुभा पहिल्या दोरापर्यंतच असते. सांदण दरीत लोकांना उतरवण्याचं काम मी करते, आणि या कामाचं मर्म मला दोर ओढण्यातच सापडतं. जे ठरवायचं ते त्याआधी ठरलेलं असलं पाहिजे.

सांदण अकोले तालुक्यात, साम्रद गावाजवळ आहे. आजूबाजूला रतनगड, अलंग-मदन-कुलंगचं त्रिकूट आणि आजोबाचा डोंगर अशी थोर मंडळी उभी आहेत. गावाबाहेर पडून थोडं चाललं की सपाटी दुभंगते आणि पाय थेट दोन भिंतींच्या मध्ये येऊन पडतो. हा काळा कातळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. थरावर थर साचले, निवताना त्यांना भेगा पडल्या. पावसाचं पाणी भेगेतून कोकणाकडे धावत राहिलं आणि भेग रुंद, खोल करत गेलं. आज दरी साधारण दोन किलोमीटर लांब आहे. भिंती शेकडो फूट उंच, आणि काही ठिकाणी हात पसरले तर बोटं दोन्हीकडच्या कातळाला टेकावीत इतकी ती अरुंद. तळाशी ऊन पोचतं ते दुपारच्या सुमाराला, तेही थोडा वेळ. भर उन्हाळ्यातही कातळ गार लागतो.

या गारव्यामुळे माणसं खूश होतात, मोठ्यानं बोलू लागतात. मी मात्र त्यांना भिंतीच्या कपारींकडे बघायला सांगते. डोक्याच्या कितीतरी वर वाळलेलं गवत, काटक्या, पानं घट्ट बसलेली असतात. ती कुणी ठेवलेली नाहीत, पावसाळ्यातल्या पाण्यानं आणून कोंबलेली आहेत. पाणी कुठवर चढतं याची नोंद दरीनं स्वतःच करून ठेवली आहे. ती एकदा वाचली की पावसाळ्यात इथे का उतरायचं नाही, हे वेगळं समजवावं लागत नाही.

माझा दिवस दरीत सुरू होत नाही, तो साम्रदमध्ये आमच्या वाटाड्या मामांच्या ओसरीवर सुरू होतो. चहा होईपर्यंत मी विचारत असते. डोहाला पाणी किती आहे? वरून दगड आलेत का? आग्या मोहोळ कुठल्या कड्याला बसलंय? शेवटचा प्रश्न नवख्यांना गमतीचा वाटतो, पण सह्याद्रीच्या कड्यांवर दोराला लटकलेल्या माणसाला आग्या माशांपासून पळायला जागा नसते. म्हणून अत्तर, धूर, आरडाओरडा यांना दरीत बंदी. मामांचं उत्तर कधी एका ओळीत येतं. “आत्ता मोकळं दिसतंय ताई, पण रतनगडाच्या माथ्यावर ढग धरतोय. दुपारचं काही सांगता यायचं नाही.” मोबाइलवरचा हवामानाचा अंदाज मी आदल्या रात्री पाहिलेला असतो. पण अंदाज जिल्ह्याचा असतो, मामांचा ढग या दरीच्या डोक्यावरचा असतो. दोन्हींत फरक पडला तर मी मामांचं ऐकते.

बाहेरून आलेल्यानं गावातल्या माणसावर विसंबायचं, हे जगभर असंच चालत आलं आहे. फ्रान्समधली व्हेर्दोंची प्रचंड घळ 1905 साली एदुआर-आल्फ्रेद मार्तेल यांनी आरपार पाहिली. गुहांच्या शास्त्रातला तो मोठा माणूस. त्याच्याबरोबर रूगों गावचा शाळामास्तर इझिदोर ब्लाँ होता. आज तिथल्या प्रसिद्ध पायवाटेला दोघांचीही नावं आहेत. आपल्याकडच्या पोस्टरांवर संस्थेचं नाव मोठं असतं, साम्रदच्या माणसाचं नसतंच. हे बदललं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. वाटाड्याला दिवसाचा रोज देणं एवढ्यानं हिशेब पुरा होत नाही. तो ‘नको’ म्हणाला तर मोहीम थांबली पाहिजे, इतका अधिकार त्याला हवा.

आत शिरल्यावर पाण्याचे डोह लागतात. मोसमाप्रमाणे कधी घोट्याएवढे, कधी कमरेच्या वर. पाणी बर्फासारखं. माणसं इथे घाईनं पाय टाकतात आणि शेवाळ्यावर घसरतात. मी सांगते, पाऊल उचलायचं नाही, तळावरून सरकवायचं. बॅग डोक्यावर घेऊ नका, तोल वर जातो. डोह ओलांडला की धोंड्यांचं राज्य. खोलीएवढे धोंडे एकमेकांवर रचलेले. दिवसभरातल्या मुरगळी, खरचटणं बहुतेक इथलंच, कारण इथे कुणी घाबरत नाही. दोरावर प्रत्येक जण जपून वागतो, धोंड्यांवर गप्पा मारतो. म्हणून माझी नजर दोरापेक्षा इथे जास्त तीक्ष्ण असते. कोण उडी मारतंय, कोण बसून उतरतंय, कुणाचे गुडघे थरथरतायत, कुणी पाणी पीत नाहीये, हे सगळं मी टिपत जाते. पहिल्या रॅपलच्या, म्हणजे दोरावरून उतरण्याच्या टप्प्याच्या, काठावर पोचेपर्यंत कोणाला आधी सोडायचं, कोणाला मध्ये ठेवायचं, कोणाला इथूनच परत पाठवायचं, हे माझ्या मनात ठरलेलं असतं.

हा पहिला टप्पा साधारण 45 फुटांचा. पुढचे याहून लहान. अँकर दोन, एकमेकांपासून स्वतंत्र. एकावर उतरणाऱ्याचा दोर, दुसऱ्यावर बिलेचा, म्हणजे त्याला सांभाळून धरणारा. कडेला दोर घासतो तिथे जाड गोणपाट किंवा पॅड, कारण आपला बसाल्ट खरखरीत असतो आणि वजन घेतलेल्या दोराला करवतीसारखा कापू शकतो. बोल्ट आधीपासून ठोकलेला आहे म्हणून तो भरवशाचा, असं मी मानत नाही. हात लावून, वाजवून, वजन टाकून बघते. ओला नायलॉनचा दोर कोरड्यापेक्षा कमी ताकदीचा असतो, हेही मनात धरते. ही सगळी तपासणी मी लोकांच्या समोर करते. त्यांना ती कंटाळवाणी वाटली तरी चालेल. आपला जीव कशावर टांगला आहे हे बघण्याचा त्यांना हक्क आहे.

काठावर पाठ करून उभं राहायचं आणि मागे झुकायचं, ही शरीराला न पटणारी गोष्ट आहे. जन्मभर आपण पुढे बघून, पाय जमिनीवर रोवून जगतो. इथे पाय भिंतीला काटकोनात रोवून वजन दोरावर द्यायचं असतं. घाबरलेला माणूस भिंतीला बिलगतो, आणि बिलगला की त्याचे पाय घसरतात. जो दोरावर विश्वास टाकून मागे रेलतो त्याचेच पाय पकड घेतात. एकदा पन्नाशीच्या एक बाई काठावर गोठल्यासारख्या उभ्या राहिल्या. मागून त्यांच्याबरोबरची मुलं ओरडत होती, “काकू, काही होत नाही!” मी सगळ्यांना गप्प केलं. “काही होत नाही” हे घाबरलेल्या माणसाला सांगू नये. त्याला जे होतंय ते होतंय. मी त्यांना म्हटलं, “काकू, खाली बघू नका. माझ्याकडे बघा. उजवा हात कमरेमागे. आता एकच पाऊल, एवढंसं.” त्या एक पाऊल उतरल्या. मग दुसरं. भीतीला उपदेश कळत नाही, पुढचं पाऊल कळतं. लोकांना खाली उतरवण्याच्या कामात मला आलेलं हे सगळ्यांत मोठं शहाणपण आहे.

आता या कलेतली जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, तिच्याकडे येते. कोरड्या कड्यावर सुरक्षितता म्हणजे अडकून राहणं. दोराच्या टोकाला गाठ मारतात, म्हणजे माणूस टोकावरून निसटू नये. प्रुसिकची गाठ लावतात, म्हणजे हात सुटला तर ती आवळावी आणि त्याला जागच्या जागी धरून ठेवावं. गिर्यारोहणात हे शिकवलं जातं आणि ते बरोबरच आहे. पण धबधब्याखाली याच दोन गोष्टी जीव घेऊ शकतात. प्रुसिक आवळला, डोक्यावर पाणी कोसळतंय, श्वास घेता येत नाही, आणि ती गाठ वजन असेतोवर सुटत नाही. टोकाची गाठ उतरण्याच्या कडीत अडकली तर माणूस डोहाच्या भोवऱ्यात दोराला बांधलेला राहतो.

म्हणून वाहत्या पाण्यात पद्धत उलटते. दोराची लांबी मोजून अशी सोडायची की टोक पाण्याला जेमतेम टेकावं आणि त्याला गाठ नसावी. माणूस तरंगत बाहेर पडतो, दोर आपोआप सुटतो. प्रुसिकऐवजी खाली उभा असलेला साथीदार दोर हातात धरतो. त्यानं ओढून ताणला की उतरणारा थांबतो, सैल केला की पुढे सरकतो. आणि वर दोर असा अडवलेला असतो की कुणी मध्येच अडकलं, तर लीडरला तो भार असतानाच सोडून माणसाला खाली घेता यावं. पाण्याच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही. म्हणून आमच्याकडे एक शिट्टी म्हणजे थांब, दोन म्हणजे दोर सोड, चार म्हणजे दोर मोकळा. कड्यावर उत्तम काम करणारा माणूस पाण्यात आपोआप उत्तम ठरत नाही. धबधब्यात रॅपलिंग करवणाऱ्या प्रत्येकानं हा फरक आधी शिकून घ्यावा.

पण दोराची सगळी विद्या एका गोष्टीपुढे हरते, ती म्हणजे वरून आलेला लोंढा. घळीतून आभाळाची पट्टीच दिसते. ती निळी असते आणि तिकडे माथ्यावर सरी कोसळत असतात. पाणी गढूळ झालं, पानं-काटक्या वाहत येऊ लागल्या, कधी नव्हे तो घुमण्याचा आवाज आला, तर हातात मिनिटं असतात. 27 जुलै 1999 रोजी स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळच्या साक्सेटबाख घळीत हेच घडलं. वरच्या खोऱ्यात वादळी पाऊस झाला, लोंढा आला आणि 21 जण गेले. त्यांत तीन गाइडही होते. दोर, हेल्मेट, वेटसूट, सगळं होतं. चुकला तो उतरण्याचा निर्णय. पुढे 2001 मध्ये न्यायालयानं त्या कंपनीच्या सहा जणांना निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवलं. अशा धाडसी व्यवसायांसाठी परवाना लागणारा कायदा तिथे 2014 पासून लागू झाला. आपल्याकडे महाराष्ट्र शासनानं 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. कागद आला, ही चांगली गोष्ट आहे. पण दरीच्या तोंडाशी उभं राहून ‘आज नाही’ म्हणायचं काम कुठलाही कागद करू शकत नाही.

ते काम अवघड आहे. लोक रात्रभर प्रवास करून आलेले असतात. पैसे भरलेले असतात. एका नोव्हेंबरात, दोन दिवस अवकाळी पाऊस होऊन गेल्यावर, मी पुण्याहून आलेला गट साम्रदमध्येच थांबवला. सकाळी ऊन लख्ख पडलं होतं. नाराजी झाली, आवाज चढले. आम्ही रतनगडावर गेलो. आणि त्या दिवशी पाऊस आलाच नाही. संध्याकाळी एक मुलगा मला म्हणाला, “ताई, उतरलो असतो तर काही झालं नसतं.” खरं होतं ते. तरीही तो निर्णय योग्य होता, कारण सकाळी मला जे माहीत होतं त्यावर तो घेतलेला होता. निर्णय संध्याकाळच्या आभाळावर तोलायचा नसतो. नशिबानं निभावलेले दिवस आपल्या कौशल्याच्या खात्यावर मांडू लागलो, की आपण कधीतरी 27 जुलैकडेच चालायला लागतो.

दोर ओढून झाल्यावर मात्र मी शांत असते. उरलेले टप्पे, धोंडे, भिंती मागे पडून समोर उघडणारं कोकण, मग डेहणे गावाकडे जाणारी लांबलचक वाट किंवा परत साम्रदकडे चढवणारा करोली घाट, हे सगळं कष्टाचं असलं तरी सरळ असतं. माणसं थकलेली असतात, गप्प असतात, एकमेकांना हात देत असतात. सकाळी अनोळखी असलेले लोक दुपारी पाण्याची शेवटची बाटली वाटून पितात. या कामावर माझं प्रेम आहे ते यासाठी.

तुम्हाला सांदणमध्ये किंवा कुठल्याही घळीत उतरायचं असेल तर जरूर उतरा. फक्त आधी तुमच्या लीडरला तीन प्रश्न विचारा. काल आणि आज वरच्या बाजूला पाऊस झाला का? मध्येच कुणी दोरावर अडकलं तर तुम्ही काय कराल? आणि मागे फिरायचं झालं तर ते कुठपर्यंत शक्य आहे आणि तो निर्णय कोण घेणार? तिन्ही उत्तरं चटकन आणि स्पष्ट मिळाली तर हार्नेस चढवा. नाही मिळाली, तर भरलेले पैसे गेले तरी चालतील, उतरू नका.