नजरेचा वंश

मेगची नजर जरा जास्तच होती. काळीभोर, बुजरी कुत्री. मेंढ्यांसमोर वाकून उभी राहिली की मेंढ्या थिजायच्या आणि त्यांच्याबरोबर तीही थिजायची. समोरच्याला जखडता जखडता स्वतःच जखडली जायची. रॉय अगदी उलट. मोकळा, मनमिळाऊ, कामाला ठीक, पण नजरेत फारसा दम नाही. इंग्लंडच्या उत्तर टोकाला, नॉर्थम्बरलँड परगण्यात, ॲडम टेल्फर नावाच्या माणसाने या दोघांची जोडी लावली आणि सप्टेंबर १८९३ मध्ये त्या वेतात हेम्प जन्मला. पुढे ‘ओल्ड हेम्प’ म्हणून बॉर्डर कोलींचा मूळपुरुष ठरला तो हाच. आईची नजर, बापाचं शांत डोकं. भुंकणं नाही, अंगावर जाणं नाही. पोट जमिनीलगत ठेवून सरकायचं आणि बघत राहायचं. आठ वर्षांचा व्हायच्या आत, १९०१ मध्ये, तो गेला. तेवढ्यात त्याला दोनशेच्या आसपास पिल्लं झाली असं मानतात.

या गोष्टीत मला हेम्पपेक्षा टेल्फरचं कौतुक वाटतं. घरात मेगसारखी कुत्री असताना दुसरा कुणी असता तर तिच्याहून जहाल नजरेचा नर शोधत हिंडला असता. गुण आहे ना, मग दुप्पट करा! त्याने मात्र मेगच्या गुणाला उतारा शोधला. बॉर्डर कोलीची पैदास विचाराने करणारी माणसं आजही तेच करतात. त्यांचं निम्मं काम कुठे थांबायचं हे ठरवण्याचं असतं.

मुलगी न्यूकॅसलला असल्यामुळे त्या बाजूला माझं जाणं होतं. शहर मागे टाकून उत्तरेकडे निघालं की चेव्हियट टेकड्या लागतात. झाडं विरळ, उतार हिरवे-तपकिरी, मधून दगडी गडगे, आणि लांबवर मेंढ्यांचे पांढरे ठिपके. तिथे मेंढी दिसते, पण सापडत नाही. शेकडो मेंढ्या उतारभर पांगलेल्या आणि माणूस एकटा. त्याने खाली फाटकाशी उभं राहून शिट्टी घालायची. ती ऐकून लांबवरच्या कुत्र्याने मोठा वळसा घेत मेंढ्यांच्या मागून यायचं. ‘कम बाय’ म्हटलं की घड्याळाच्या दिशेने, ‘अवे’ म्हटलं की उलट. आपल्या धनगराचा कुत्रा वेगळ्या कामाचा. रात्री वाड्यावर लांडगा आला तर त्याच्या अंगावर जाणारा. मेंढ्या वळवायला धनगर स्वतः असतो, त्यांच्यासोबत चालत, हाकारत. ब्रिटनमधला लांडगा कित्येक शतकांपूर्वीच संपला. तिथल्या कुत्र्याला राखणीतून सुट्टी मिळाली ती त्यामुळेच, असा माझा आपला तर्क. मग माणसाने त्याच्यातलं लांडगेपण अर्ध्यावर छाटलं. रोखून बघणं ठेवलं, दबा धरणं ठेवलं, लचका तोडणं काढून टाकलं.

हे छाटणं एका पिढीत होत नाही आणि एकदा करून संपतही नाही. १८७३ मध्ये वेल्समधल्या बाला गावी मेंढ्या वळवण्याची पहिली मोठी स्पर्धा झाली. १९०६ मध्ये इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी निघाली. तिच्या नोंदवहीला कुत्र्याच्या रूपाशी कधी कर्तव्य नव्हतं. कान उभे असोत की पडलेले, केस आखूड असोत की लांब, प्रश्न एकच: काम करतो का? १९७६ मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली आणि कुत्री देखणेपणाच्या रिंगणातही उतरली. मेंढपाळांना ते फारसं रुचलं नाही, आणि मला वाटतं त्यांचं बरोबर होतं. ज्याची परीक्षा घ्यायची नाही ते चारसहा पिढ्यांत पातळ होत जातं.

एका मेंढपाळ बाईंच्या स्वयंपाकघरात मी सहा आठवड्यांची पिल्लं पाहिली. त्या दिवशी ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायची होती. या जातीत ‘कोली आय ॲनॉमली’ नावाचा एक जन्मजात दोष असतो. डोळ्याच्या आतल्या पडद्यामागचा, त्याला रक्त पुरवणारा थर नीट बनत नाही. दोष सौम्य असेल तर कुत्र्याचं काही अडत नाही. तीव्र असेल तर पडदा सुटून आंधळेपण येऊ शकतं. खोच अशी की तपासणी पाच ते आठ आठवड्यांच्या वयात झालेली बरी. पुढे रंगद्रव्य भरत जातं, सौम्य दोष झाकला जातो आणि कुत्रा निर्दोष म्हणून खपतो. पुढच्या पिढीला मात्र तो दोष देतच राहतो.

आता आईबापांच्या रक्तातूनच हे आधी कळतं. बाईंनी खणातून दोघांचे जनुकीय अहवाल काढून टेबलावर शेजारी शेजारी मांडले, तेव्हा मला दोन पत्रिका समोर घेऊन बसलेली आजी आठवली. फरक एवढाच, की इथे छत्तीस गुण जुळवायचे नव्हते. दोन दोष जुळू द्यायचे नव्हते. दोषाची एकच प्रत असलेला कुत्रा वाहक असतो आणि जन्मभर ठणठणीत राहतो. वाहकाला वाहक दिला तर प्रत्येक पिल्लामागे चारात एक वेळ आजाराची. वाहकाला निर्दोष जोडीदार दिला तर आजारी पिल्लू एकही नाही. एवढा साधा हिशोब असताना काही उत्साही मंडळी सगळे वाहकच बाद करायला निघतात. बाईंना त्यांचा राग होता. त्या म्हणाल्या, एका डागासाठी अख्खं शहाणपण उकिरड्यावर टाकता का?

या अहवालांत आणखी दोन नावं असतात. ‘ट्रॅप्ड न्यूट्रोफिल सिंड्रोम’मध्ये संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी अस्थिमज्जेत तयार होतात, पण रक्तात उतरतच नाहीत. पिल्लू खुरटतं, पुन्हा पुन्हा आजारी पडतं आणि बहुतेक वेळा लवकर जातं. दुसरा ‘सीएल’ मला जास्त क्रूर वाटतो. चेतापेशींत टाकाऊ द्रव्य साठत जातं. वर्षभर कुत्रा उत्तम असतो, घराला लळा लागलेला असतो. मग तो जिना उतरायला घाबरतो, शिकवलेलं विसरतो, विनाकारण बिथरतो. दोन-अडीच वर्षांच्या पुढे क्वचितच जगतो. दोन्ही आजारांना उपचार नाही आणि दोन्ही टाळणं मात्र एका चाचणीचं काम आहे. खुब्याच्या सांध्याची गोष्ट इतकी सरळ नाही. तिथे अनेक जनुकं, खाणंपिणं, वजन असं सगळं मिळून ठरतं. म्हणून कुत्रा वर्षाचा झाल्यावर एक्सरे काढतात. ब्रिटनमध्ये त्याला शून्य ते १०६ असे गुण देतात. जितके कमी तितके सांधे चांगले.

आणि सगोत्राचा प्रश्न? तो तर मुळातलाच. १९६५ मध्ये कार्डिफला मेंढ्या वळवण्यातला सर्वोच्च किताब जिंकणारा विस्टन कॅप हा कुत्रा इतका गाजला, की जो तो आपली कुत्री त्याच्याकडे घेऊन गेला. त्याच्या स्वतःच्या वंशावळीत ओल्ड हेम्प ठिकठिकाणी, आणि आजच्या कामकरी कुत्र्यांच्या वंशावळीत तो ठिकठिकाणी. थोर नर जातीला वर काढतो आणि त्याच पंजाने तिचा घेर आवळतो. सोसायटीने एक खिडकी उघडी ठेवली आहे हे बरं: कागद नसलेला कुत्राही कामाच्या गुणावर नोंदवहीत येऊ शकतो.

पण जन्म ही सुरुवात झाली. त्रेसष्ट दिवसांनी कुत्री व्याली की पहिल्या दिवसाचा चीक प्रत्येक पिल्लाच्या पोटात गेला का, हे बघायचं. पिल्लांना आपलं अंग गरम राखता येत नाही, म्हणून ऊब सांभाळायची. दोन आठवड्यांच्या सुमाराला डोळे उघडतात, मग कान. तिसऱ्या आठवड्यापासून जवळजवळ बाराव्यापर्यंत जे भेटेल ते पिल्लाला आपलं वाटतं. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६५ च्या ग्रंथात हा काळ नीट मांडला. बाईंना तो ग्रंथ माहीत असेल-नसेल, त्यांची पिल्लं मात्र गोठ्यात नव्हती. किटली शिट्टी मारत होती, रेडिओ चालू होता, शेजारचा पोरगा चिखलाच्या बुटांनी मधूनच जात होता, आणि पिल्लं त्या बुटांच्या नाड्या ओढत होती. मेंढ्या इतक्यात नाहीत. मेंढीहून जोरात पळता येईपर्यंत पिल्लाला तिच्यासमोर सोडायचं नाही. एका ढुशीने त्याची हिंमत कायमची जाऊ शकते.

पुण्यात माझ्या भाच्याने बॉर्डर कोली आणला तो पाच आठवड्यांचा. आपल्याकडच्या २०१७ च्या नियमांत आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायला बंदी आहे, हे विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि भाच्याने विचारलं नाही. बाणेरला चौथ्या मजल्यावर झिपऱ्या वाढला. वर्षाचा झाला आणि तासन्‌तास पंख्याच्या सावलीवर डोळे लावून बसायला लागला. पोट जमिनीलगत, एक पाय उचललेला. टेल्फरच्या कुत्र्यांची नजर शंभरावर वर्षं जपली गेली आणि बाणेरला पोचली, मेंढ्या तेवढ्या आल्या नाहीत. भाच्याने मनापासून मेहनत घेतली. पंख्याखालून उठवून वास शोधायचे खेळ शिकवले, पहाटे टेकडीवर नेलं, आणि मुख्य म्हणजे स्वस्थ बसायला शिकवलं. आता बरंच बरं आहे.

परवा त्याचा फोन आला.

“मावशी, सोसायटीतच एक बॉर्डर कोली कुत्री आहे. ते म्हणतायत जोडी लावू. झिपऱ्यासारखीच निळी आहे, पिल्लं काय देखणी होतील!”

निळी म्हणजे मर्ल. त्या रंगाचं जनुक एका बाजूने आलं तर अंगावर सुरेख राखाडी ढग उमटतात. दोन्हीकडून आलं, आणि चारातल्या एका पिल्लाला ते तसं येतं, तर पांढरंफटक अंग आणि बहिरेपणाचा, अधू डोळ्यांचा मोठा धोका. मी हे सांगितल्यावर तो जरा वेळ गप्प बसला.

“बरं, मग औंधला एक काळी-पांढरी आहे.”

“तिचे अहवाल? खुब्यांचा एक्सरे?”

“कागद आहेत ना सगळे. मायक्रोचिपसुद्धा आहे.”

कागदावर बापाचं नाव असतं, बापाचे सांधे नसतात, असं म्हणून मी त्या बाईंनी दाराशी आलेल्या एका तरुणाला विचारलेला प्रश्न विचारला. सहासात पिल्लं होतील. एखादं परत आलं तर तू ठेवशीलच, पण आधी ती जाणार ती घरं कुठली? नावं सांग.

तो मोजायला लागला. एक ऑफिसातला मित्र, त्याचं भोरला शेत आहे. एक बायकोची बहीण, तिने अजून नक्की सांगितलेलं नाही.

“आणि एक तू नेशील ना, मावशी?”

“नाही,” मी म्हटलं. “पुढचं नाव सांग.”