कीर्द जुळेपर्यंत

इचलकरंजीतील एका कापड व्यापाऱ्याच्या घरात गेल्या श्रावणात एक लहानसा वाद पेटला. वादाचे मूळ होते घरातला संगणक. दिवसा त्यावर दुकानाचा हिशेब चाले. रात्री अकरावीतला मुलगा त्यावर मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळे. हिशेबाच्या वेळी यंत्र मुकाट्याने काम करी. खेळ सुरू झाला की कधी दहा, तर कधी पंचवीस मिनिटांत पडदा काळा होई आणि सारे बंद पडे.

एका रात्री तसेच झाले आणि दुसऱ्या दिवशी हिशेबाची फाइल उघडेना. जुन्या प्रतीवरून बराचसा हिशेब परत मिळाला, तरी चाळीसेक बिले नव्याने भरावी लागणार होती. जीएसटी विवरणपत्राची २० तारीख दोन दिवसांवर आलेली. वडिलांनी निकाल देऊन टाकला, "तुझ्या खेळानं मशीन बिघडलं. आजपासून खेळ बंद." मुलगा म्हणाला, "बिघाड आधीपासूनच असेल, पप्पा. खेळताना तो फक्त दिसतो." त्यानंतर दोघांचे बोलणेच थांबले.

मध्ये पडले ते आजोबा. त्यांनी संगणकाला कधी हात लावला नव्हता. पण चाळीस वर्षे पेढीची कीर्द लिहिली होती. रोकड जुळली नाही, तर त्यांच्या पेढीवर मुनिमावर ओरडण्याची रीत नव्हती. एकेका नोंदीवर बोट ठेवायचे, तपासलेल्या नोंदीपुढे खूण करायची आणि चूक सापडेपर्यंत कोणाचे नाव घ्यायचे नाही, असा शिरस्ता होता. त्यांनी नातवाच्या हाती एक लाल वही दिली. "बंद कधी पडलं, तेव्हा काय चालू होतं, तू काय बदललंस आणि पुढं काय झालं, सगळं लिही. एका दिवशी एकच बदल. दोन एकदम केलेस तर कशानं जुळलं ते कळायचं नाही."

विवरणपत्र भरून झाल्यावर वडिलांनी आठ दिवसांची मुभा दिली. अट एकच: खेळण्याआधी हिशेबाचा प्रोग्रॅम बंद करायचा आणि फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घ्यायची.

वहीच्या पहिल्या पानावर लिहिले गेले: निळा पडदा नाही, कसला संदेश नाही, वीज गेल्यासारखे एकदम बंद. विंडोजच्या नोंदवहीत प्रत्येक वेळी ४१ क्रमांकाची नोंद सापडली. यंत्र रीतसर बंद न होता थांबले, एवढेच ती सांगते. कारण सांगत नाही. दुसऱ्या दिवशी ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर काढून नव्याने बसवला. फरक नाही. तिसऱ्या दिवशी विंडोजमधील मेमरी तपासणी रात्रभर चालवली. दोष नाही. चौथ्या दिवशी तापमान पाहिले. हिशेबाच्या वेळी प्रोसेसर ४५ अंशांवर होता, खेळताना तो ९६ वर गेला. चोर सापडला, असे सर्वांनाच वाटले.

पाचव्या दिवशी वीज पूर्ण तोडून डबा उघडला. यंत्रमागाच्या गावातली धूळ ती. पंख्याच्या पात्यांत आणि त्यामागच्या पत्र्यांत सुताच्या तंतूंचा नमदाच बसला होता. "आधी नीट बघ, आत कुणी जीव आहे का," आजी म्हणाली. कोपऱ्यात खरोखरच एक कोळी होता. त्याला कागदावर घेऊन परसातल्या झाडावर सोडले. मग पंखा बोटाने धरून मऊ कुंचल्याने धूळ काढली आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. तापमान ७६ वर उतरले. रात्री खेळ सुरू झाला आणि बाविसाव्या मिनिटाला पडदा पुन्हा काळा झाला.

मुलाने वही मिटली. वडील काही बोलले नाहीत. पण न बोलण्यातही "मी सांगतच होतो" हे ऐकू येत होते.

त्याच खोलीच्या कोपऱ्यात आजी रोज रात्री सामायिकाला बसत असे. त्या रात्री आसन आवरताना ती संकोचून म्हणाली, "सामायिकात मन स्थिर असावं, पण कानांना काय करणार? टेबलाखालची ती पेटी आधी टीं करून ओरडते, मग अंधार होतो. आणि नुसता डबा बंद पडत नाही रे, त्या टीव्हीचा बारका दिवाही जातो."

मुलगा कानांवर हेडफोन लावून खेळत असे. त्याला ती शीळ कधी ऐकूच आली नव्हती. संगणक आणि मॉनिटर दोन्ही एकाच क्षणी विझत असतील, तर दोष दोघांना वीज देणाऱ्या यूपीएसकडे असणार. ती पेटी होती ६०० व्हीएची, म्हणजे जेमतेम ३६० वॅट पेलणारी. हिशेब सुरक्षित राहावा म्हणून वडिलांनीच ती पाच वर्षांपूर्वी घेतली होती. तेव्हा संगणकात ग्राफिक्स कार्ड नव्हते. ते दहावीच्या परीक्षेनंतर आले. हिशेबाला लागणारी वीज थोडी. खेळात मात्र प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही पूर्ण जोराने चालत आणि भार काठावर जाई. पडद्यावर मोटारींची गर्दी वाढली की काठ ओलांडला जाई. मग पेटी आधी इशारा देई आणि पुरवठा तोडी.

सहाव्या दिवशी संगणक थेट भिंतीतल्या प्लगला जोडला. तासभर खेळूनही तो बंद पडला नाही. सातव्या दिवशी पुन्हा यूपीएसवर घेतला. पंधरा मिनिटांत अंधार. आजोबा खूश झाले. तेही बेरीज एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर करीत.

लागणाऱ्या वॅटचा हिशेब करून मोठा यूपीएस आणला. त्या आठ दिवसांत घरातले कोणीच पूर्ण चुकीचे ठरले नव्हते आणि कोणीच पूर्ण बरोबरही नव्हते. यंत्र खेळतानाच बंद पडते, हे वडिलांचे म्हणणे खरे होते. खेळाने ते बिघडले नाही, हे मुलाचेही खरे होते. अनेकान्ताची व्याख्याने या घराने दर चातुर्मासात ऐकली होती. या वेळी ती टेबलाखाली सापडली.

संवत्सरीच्या दिवशी वडील व्यापाऱ्यांना क्षमापनेचे संदेश पाठवायला संगणकाशी बसले. लाल वही तिथेच होती. त्यांनी पहिला संदेश लिहिण्याआधी तिचे शेवटचे पान उघडले आणि लिहिले: "त्या रात्री हिशेबाचा प्रोग्रॅम उघडा मी ठेवला होता. दोष तुझ्यावर टाकला. मिच्छामि दुक्कडं."

मुलाने खाली काही लिहिले नाही. नुसती तपासल्याची खूण केली. खेळाची वेळ मात्र त्याने आपणहून ठरवून घेतली आहे: ४८ मिनिटे, आजीच्या सामायिकाएवढी. आजी आसनावरून उठली की संगणक बंद होतो. आता तो रीतसर बंद होतो.